हे अडकलं तर?

ऑर्लँडोच्या हॉटेलात बसलेल्या माणसाच्या फोनवर आकडा दिसत होता ७२. फॅरनहाइटमधला, म्हणजे आपले साधारण २२ अंश. त्याची प्रवाळांची टाकी ह्यूस्टनला, तो बायकामुलांसह सुट्टीवर, आणि टाकी गार पडलेली. कंट्रोलरने दोन्ही हीटर आधीच चालू केले होते, तरी आकडा वर सरकेना. म्हणून त्याने फोनवरूनच हीटर ‘ऑटो’वरून काढून सक्तीने चालू ठेवले आणि निर्धास्त झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या फेरीला आलेल्या बाईंनी टाकीखालचं कपाट उघडलं, तर तोंडावर वाफ आली. तापमानाच्या प्रोबचा सक्शन कप सुटला होता. प्रोब पाण्याबाहेर लोंबत होता आणि एसीच्या हवेचं तापमान इमानेइतबारे ऑर्लँडोला कळवत होता. पाणी ३४ अंशांवर गेलं होतं. पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या स्किमरचा फेस कपाटभर पसरला होता. फांद्यांसारख्या प्रवाळांवरची कातडी ओल्या कागदासारखी सुटून पाण्यात तरंगत होती, खाली नुसता पांढरा सांगाडा.

यंत्रात बिघाड असा काहीच झाला नव्हता. कंट्रोलर चालू, हीटर चालू, इंटरनेट चालू, इशाराही वेळेवर गेला. चुकीच्या जागच्या तापमानावर सगळ्यांनी मिळून अचूक काम केलं.

या बाई मूळच्या कोकणातल्या. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या पदवीधर. लग्नानंतर टेक्सासला आल्या, काही काळ एका दुकानात मासे विकले आणि मग स्वतःची व्हॅन घेऊन लोकांच्या समुद्री टाक्या सांभाळायचा धंदा सुरू केला. दंतवैद्यांची वेटिंग रूम, वकिलांची ऑफिसं, तेल कंपन्यांतल्या साहेबांचे दिवाणखाने. आठवड्याची फेरी ठरलेली: काच घासायची, पाणी तपासायचं, थोडं पाणी बदलायचं. भारतात हा धंदा त्यांना करता आलाच नसता. दगडी प्रवाळ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणच्या समुद्रात बुडी मारून बघावेत आणि सोडून यावं. अमेरिकेत मात्र टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे बोटभर तुकडे ‘फ्रॅग’ म्हणून विकले जातात, आणि शौकीन एकेका तुकड्याला शेकडो डॉलर मोजतात.

प्रवाळ मोठे नखरेल. पाण्याचा खारेपणा हजारी ३५, तापमान २५-२६ अंश, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, आणि अल्कलिनिटी एका ठरावीक पट्टीत. त्यात वाढणारे प्रवाळ रोज पाण्यातलं कॅल्शियम खातात आणि रोज थोडं पाणी वाफ होऊन जातं. हे सगळं हाताने सांभाळायचं तर माणसाला गाव सोडता येत नाही. म्हणून कंट्रोलर. पुस्तकाएवढं खोकं, त्याला प्रोब जोडलेले, आणि एक पट्टी, जिच्यावरचा प्रत्येक प्लग ते खोकं स्वतः चालू-बंद करतं. हीटर, पंप, दिवे, वाफ झालेलं पाणी भरून काढणारा टॉप-ऑफ, रसायनांचे थेंब सोडणारा डोसिंग पंप, सारं त्याच्या ताब्यात. आणि टाकी मालकाच्या खिशातल्या फोनवर.

बाई स्वतः हे कंट्रोलर विकतात, बसवून देतात, त्यावर त्यांना बरी मिळकत होते. हे त्या लपवत नाहीत. टाकीखालच्या संपमधून, म्हणजे कपाटातल्या दुसऱ्या छोट्या टाकीतून, पाणी सांडू लागताच पंप बंद करून लाकडी जमीन वाचवलेले कंट्रोलर त्यांनी पाहिलेत. पण नवं गिऱ्हाईक ‘हे काय काय करतं?’ असं विचारतं, तेव्हा त्या उलट विचारतात, ‘हे अडकलं तर काय काय करेल?’

अडकण्याचे प्रकारही ठरलेले असतात. हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेचे संपर्कबिंदू हजारो वेळा ठिणग्या खाऊन शेवटी एकमेकांना चिकटतात. मग खोकं ‘बंद’ म्हणतं, पडद्यावरही ‘बंद’ दिसतं, आणि वीज वाहतच राहते. ४०० लिटर पाण्यात ३०० वॅटचा एक हीटर अडकला, तर हवेत जाणारी उष्णता सोडली तरी तासाला साधारण दोन तृतीयांश अंश तापमान चढतं. दोन अडकले तर त्याच्या दुप्पट. म्हणून बाई एक दांडगा हीटर कधीच लावत नाहीत. दोन छोटे लावतात, इतके छोटे की एक कायमचा चालू राहिला तरी टाकी उकळू नये आणि एक मेला तरी टाकी गारठू नये. शिवाय हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट कंट्रोलरपेक्षा एखादा अंश वर लावून ठेवतात, म्हणजे कंट्रोलर चुकला तर हा थांबवेल. फोनवर हे कुठे दिसत नाही. हीटरवरची बारीक चकती बोटाने फिरवून करायचं काम आहे, आणि बसवणाऱ्यांतले निम्मे ते करत नाहीत असा त्यांचा अंदाज आहे.

लहान मुलांच्या दवाखान्यातली एक टाकी त्यांच्या कायमची लक्षात आहे. तिथल्या टॉप-ऑफच्या पिंपात साधं पाणी नव्हतं, चुन्याची निवळी होती. पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून वरचं स्वच्छ पाणी घ्यावं, तीच. ही युक्ती युरोपातल्या शौकिनांनी अनेक दशकांपूर्वी रूढ केली. वाफ झालेलं पाणीही भरून निघतं आणि प्रवाळांना कॅल्शियमही मिळतं. घातक गोष्ट एकच, निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. थेंबाथेंबाने पडली तर औषध, एकदम पडली तर विष. शनिवार-रविवार दवाखाना बंद. एक गोगलगाय काच चढत चढत फ्लोटवर जाऊन बसली. फ्लोट खाली दबलेला, म्हणजे खोक्याच्या लेखी पाणी कमी. पंपाने मोठ्या पिंपातली सगळी निवळी टाकीत ओतली.

यावर उपाय म्हणून कंट्रोलरमध्ये एक ओळ आधीच लिहून ठेवली होती: पीएच ८.५ च्या वर गेला तर टॉप-ऑफ बंद. ओळ बरोबर होती. पण पीएचचा प्रोब म्हणजे काचेचा नाजूक फुगा असतो, वर्ष-दीड वर्षात म्हातारा होतो, आणि हा त्याहून जुना होता. टाकी दुधासारखी पांढरी होईपर्यंत तो ८.१ सांगत राहिला. सोमवारी सकाळी रिसेप्शनवरच्या मुलीने फोन केला, ‘पाणी ढगाळ दिसतंय.’ बाई पांढरं व्हिनेगर घेऊन धावल्या, हळूहळू पीएच उतरवला, थोडे प्रवाळ वाचले. मासे आधीच गेले होते.

नंतर त्यांनी त्या टाकीचा महिनाभराचा आलेख काढून पाहिला, आणि इतक्या वर्षांत शिकलेल्या गोष्टींत त्या आजही याला वरचा नंबर देतात. जिवंत टाकीचा पीएच रोज लाटेसारखा खालीवर होतो. दिवसा उजेडात शेवाळ कार्बन डायऑक्साइड खातं, आकडा चढतो. रात्री सगळे नुसतेच श्वास घेतात, आकडा उतरतो. या टाकीची रेघ दोन आठवडे पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. मालकाला ती सरळ रेघ पाहून समाधान वाटत होतं. स्थिरता, जी सगळ्यांना हवी असते, तिचंच चित्र. खरं म्हणजे प्रोब मेल्याचं ते लक्षण. आता बाई कुठल्याही टाकीवर गेल्या की आधी आलेख डोळ्यांखालून घालतात आणि लाट दिसली नाही तर काळजीत पडतात.

त्यांचा नवरा रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर. त्याला यात नवल वाटलं नाही. ह्यूस्टनहून गॅल्व्हेस्टनकडे जाताना वाटेवर टेक्सास सिटी लागतं. तिथल्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी स्फोट होऊन १५ माणसं गेली. एका उंच मनोऱ्यात द्रव भरत होता. पातळी दाखवणारा ट्रान्समीटर १० फुटांच्या आतली, तीही उतरती पातळी दाखवत होता. प्रत्यक्षात द्रव १५० फुटांच्या वर गेलेला. वरच्या पातळीचा वेगळा अलार्म होता, तो वाजलाच नाही. ‘अगं, तुझ्या दवाखान्यातल्या टाकीत आणि त्या मनोऱ्यात फरक फक्त आकाराचा,’ तो म्हणाला. त्यानेच लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९८३ चा निबंध बायकोला वाचायला दिला. स्वयंचलन जितकं चांगलं, तितका माणसाचा हात कमी चालतो, आणि ज्या दिवशी यंत्र हात टेकतं, नेमक्या त्या अवघड दिवशी सवय मोडलेल्या माणसाला पुढे यावं लागतं, असा त्या निबंधाचा गाभा. बाईंना तो वाचताना आपली गिऱ्हाइकंच आठवत होती.

कारण कंट्रोलर बसला की मालकाचं टाकीसमोर उभं राहणं कमी होतं. पूर्वी ऑफिसातून आला की तो बूट काढायच्या आधी टाकी बघायचा. एखादा मासा कोपऱ्यात का, हा प्रवाळ आज मिटलेला का, संपमधून पाणी वर नेणाऱ्या परतीच्या पंपाचा आवाज बदललाय का. आता तो लिफ्टमध्येच फोन बघतो, सगळे आकडे हिरवे, आणि थेट टीव्हीसमोर बसतो. प्रवाळ दुखायला लागला की त्याचे झुबके आत ओढले जातात, रंग मळतो, कडेची कातडी बारीक उसवते. या कशालाच प्रोब नाही. खोकं मोजून चार-पाच गोष्टी बघतं. रोज बघणारा डोळा न मोजता पन्नास बघतो, फक्त त्याला बघण्याची सवय राहिली पाहिजे.

इशाऱ्यांचं तर वेगळंच पुराण. हौशी माणूस सुरुवातीला प्रत्येक आकड्यावर अलार्म लावतो. पहाटे पीएच ७.९ च्या खाली गेला की फोन वाजतो. आणि पहाटे तो खाली जाणारच, बंद खिडक्यांच्या घरात तर हमखास. चार रात्री झोप मोडली की पाचव्या रात्री फोन सायलेंटवर. एका घरी अॅपवर न वाचलेले शेकडो इशारे साठले होते आणि त्यांच्यातच एक खरा होता, टॉप-ऑफचं पिंप रिकामं झाल्याचा. टाकीचा खारेपणा आठवडाभर चढत गेला. बाई आता मोजके अलार्म ठेवतात: तापमान वर, तापमान खाली, जमिनीवर पाणी, आणि वीज किंवा संपर्क गेला तर. बाकी आकडे बघायचे, त्यांना बोंब मारू द्यायची नाही.

वेळेवर वाजलेला अलार्मही कधी अपुरा पडतो. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात जुलै २०१५ मध्ये हात लावून बघायच्या उथळ टाकीतला ऑक्सिजन घसरला. इशारा लगेच गेला, पशुवैद्य धावले, तरी टाकीतले ५४ रे मासे मेले. तज्ज्ञ माणसं आवारातच हजर असताना ही गत, तर हजाराहून अधिक किलोमीटरवरून फोनच्या पडद्याकडे बघणारा मालक काय करणार? बाईंना ऑक्सिजनची धास्ती पहिल्यापासूनची. कोळंबीच्या तलावांवर पहाटे तीन-चारला राखणदार मीटर बुडवून बघतो, कारण रात्रभराच्या श्वासाने त्या वेळी ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, हे त्या शिरगावला शिकल्या. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात हवेतून विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम असतो, गोड्या पाण्यात सव्वाआठ. पाणी तापलं की आणखी कमी. पंप थांबला, पृष्ठभाग हलायचा थांबला, की भरगच्च टाकीत काही तासांत मासे वर तोंड काढू लागतात. आणि गंमत अशी की घरगुती कंट्रोलरला ऑक्सिजनचा प्रोब बहुधा जोडलेलाच नसतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर बर्फाचं वादळ आलं. राज्यात ४५ लाखांवर घरं-दुकानं अंधारात गेली, ह्यूस्टनचा पारा शून्याखाली दहापर्यंत उतरला. बाईंच्या फोनवर सगळ्या टाक्यांचे शेवटचे आकडे होते, आणि सगळे उत्तम होते, कारण ते वीज जाण्याआधीचे होते. रस्त्यांवर बर्फाचा थर, व्हॅन काढणं शक्य नाही. मग त्या स्वयंपाकघरात पांघरूण गुंडाळून बसल्या आणि एकेका मालकाला फोन लावत गेल्या. टॉर्चचे सेल घालून चालणारा हवेचा पंप आहे का? नसेल तर पेल्याने टाकीतलं पाणी उचलून वरून ओता, दर थोड्या वेळाने. गॅसची शेगडी चालते का? बाटल्यांत गरम पाणी भरून टाकीत सोडा, आधी तेवढं पाणी काढून घ्या, नाही तर सांडेल. काचेला रजया गुंडाळा. ज्यांना टाकीची नळी कुठली आणि झडप कुठली हे ठाऊक होतं, त्यांना ते दोन मिनिटांत समजलं. एका उत्तम उपकरणांच्या टाकीच्या मालकाला मात्र संपचं कपाट कुठल्या बाजूने उघडतं इथपासून सांगावं लागलं. ती टाकी गेली. उलट दुसऱ्या एका टाकीत लाटा करणाऱ्या पंपाला कंट्रोलरच्या जोडीने बॅटरी लावलेली होती, ती एवढ्या वादळात हललीसुद्धा नाही. म्हणजे यंत्र नको असं नाही. त्या घरात यंत्राला कोण उठवणार, हे आधी ठरलं होतं.

वीज परत येणं हाही वेगळा घोळ असतो, तो बाईंना जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर जास्त कळला. तेव्हा ह्यूस्टन भागात २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती, तीही भर उन्हाळ्यात. वीज आली की खोकं जागं होतं, पण पट्टी आणि खोकं यांचा संवाद जुळायला वेळ लागतो. दरम्यान प्रत्येक प्लगने काय करायचं, चालू राहायचं की बंद, ही सूचना आधी भरून ठेवावी लागते. बहुतेकांनी ती कधी उघडूनही पाहिलेली नसते. एका घरी त्या वेळी हीटर, स्किमर आणि परतीचा पंप सगळे एकदम सुरू झाले. वरच्या टाकीतून उतरलेल्या पाण्याने संप काठोकाठ होता. स्किमर फेसाळून जमिनीवर सांडला, जमिनीवरच्या सेन्सरने ‘पाणी!’ म्हणून परतीचा पंप बंद केला, आणि वरच्या टाकीतला प्रवाह पुन्हा थांबला. हा रखवालदार आपल्याच कुंपणाला अडखळून पडला. बाईंच्या वहीत आता प्रत्येक टाकीचं एक पान असतं, त्यावर प्रत्येक प्लगपुढे दोनच रकाने: संपर्क तुटला तर, आणि वीज परतली तर.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या ऑडुबॉन मत्स्यालयाची इमारत जवळजवळ शाबूत राहिली. मेले ते मासे. शहरातली परिस्थिती बिघडल्यावर कर्मचाऱ्यांना तिथून निघावं लागलं, जनरेटर बंद पडला, आणि बहुतेक मासे गेले. पेंग्विन आणि समुद्री पाणमांजरं वाचली, त्यांना कॅलिफोर्नियात मॉन्टेरे बेला हलवलं. हवेत श्वास घेणारे वाचले, यंत्राच्या हवेवर जगणारे गेले, असं बाई त्याचं वर्णन करतात. कुणी म्हणेल, निसर्गातल्या प्रवाळांना तरी कुठे हमी आहे? नाहीच. आपल्या विजयदुर्गसमोर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, तशी गॅल्व्हेस्टनसमोर दोनएकशे किलोमीटरवर फ्लॉवर गार्डन बँक्स. तिथल्या पूर्वेकडच्या बँकेवर जुलै २०१६ मध्ये पाणबुड्यांना हिरवं गढूळ पाणी आणि मेलेल्या प्रवाळांचे पट्टेच्या पट्टे दिसले. संशोधकांचा संशय ऑक्सिजन घटण्यावरच आहे. पण समुद्राला खोली आहे, प्रवाह आहेत. टाकीत ४०० लिटर.

धंद्याच्या दृष्टीने बाईंचं हे वागणं फायद्याचं नाही. आकडे फोनवर दिसत असताना दर आठवड्याला थेंब मोजून अल्कलिनिटी तपासणारी, काचेचा थर्मामीटर चिकटवणारी आणि रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून खारेपणा बघणारी बाई काही मालकांना जुनाट वाटते. ‘एवढे पैसे मी कशाला घातले मग?’ असं विचारून एक जण स्वस्तातल्या कंपनीकडे गेला. त्यांची फेरी महिन्यातून एकदा, बाकी सगळं रिमोटवर. बाईंना राग आला, हे त्या कबूल करतात, आणि त्या टाकीचं पुढे काय झालं हे त्यांनी विचारलं नाही.

अलीकडे त्यांनी एक अट घातली आहे. कंट्रोलर बसवला किंवा आधीचा बसवलेला ताब्यात घेतला, की मालकाला समोर उभं करून तासभर सगळं मुद्दाम बिघडवायचं. तापमानाचा प्रोब बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात घालायचा. फ्लोट बोटाने दाबून धरायचा आणि पंप किती मिनिटांत स्वतः थांबतो ते घड्याळावर बघायचं. वायफाय बंद करायचं. शेवटी मुख्य प्लगच उपटायचा.

मधे एका नव्या घरी ही परीक्षा चालली होती. घर टाकीसकट विकत घेतलेलं. प्रोब बर्फात घातला, हीटर लागले, पडद्यावर लाल पट्टी आली, सगळं ठीक. पण मालकाचा फोन वाजेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाईंनी सेटिंग उघडून पाहिलं, तर इशारे एका अनोळखी पत्त्यावर जात होते. तो आधीच्या घरमालकाचा निघाला. तो आता डेन्व्हरला राहतो. त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, घर विकल्यापासून टाकीचे मेल येतच होते, शेवटी कंटाळून त्याने ते थेट कचऱ्याच्या पेटीत वळवले. आणि मग त्याने चौकशी केली, तो पिवळा टँग मासा अजून आहे का? होता. बाईंनी पत्ता बदलला, प्रोब पुन्हा बर्फात घातला.